पाटी कंपनीची, कर्ज आपले

माळव्यात सहा-सात पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना सध्या एक नवे आमंत्रण येत आहे. सांवेर, देपालपूर, बडनगर, सोनकच्छ अशा गावी किंवा हमरस्त्याला लागून असलेल्या एखाद्या मोठ्या खेड्यात ज्यांची वडिलोपार्जित जमीन, पडका वाडा किंवा रिकामा प्लॉट उरला आहे, त्यांना कंपनीचा माणूस शोधून काढतो. "हजार-दीड हजार चौरस फूट जागा द्या, थोडे भांडवल घाला, बाकी सर्व कंपनी पाहील. घरचा मुलगा घरी राहील, खेड्याला शहरासारखे दुकान मिळेल, आणि शेतकऱ्याचा माल थेट साखळीत जाईल." बोलणे गोड असते. छापील पत्रक त्याहून गोड असते.

आम्ही कॉमर्स शिकलो आणि बँकेच्या खिडकीमागे बसून केस पांढरे केले. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणे एवढेच आमचे काम. तेव्हा आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. फ्रँचायझी किराणा दुकान ही खेड्याला दिलेली देणगी नाही. धोका आपल्या खांद्यावर आणि भाव ठरवण्याचा अधिकार दूरच्या कचेरीत, अशी ती वाटणी आहे. आणि शेतकऱ्याच्या नावाने जी 'साखळी' सांगितली जाते, ती बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने चालते: माल शहरातून खेड्यात, पैसा खेड्यातून शहरात.

एका दुकानाचा हिशेब

समजा, अनामत ५ लाख, फर्निचर-फ्रीज-संगणक ८ लाख आणि पहिला माल ७ लाख, असे २० लाख लागले. त्यातले ५ लाख वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून आले आणि १५ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. हप्ता पडतो दरमहा सुमारे ३२,६०० रुपये. दोन नोकर प्रत्येकी १२,००० प्रमाणे २४,०००. वीज १२,०००. झाले ६८,६००. जागा आपली, म्हणून भाडे धरले नाही. मुलगा सकाळी आठ ते रात्री दहा उभा राहील, त्याचा पगारही धरला नाही.

आता मिळकत पाहा. कमिशन ८ टक्के धरू. त्यातला एक टक्का उंदीर, गळती, मुदत संपलेला माल आणि चोरी यांत जातो. उरले ७ टक्के. म्हणजे नुसता खर्च भरून काढायला महिन्याला ९ लाख ८० हजारांची विक्री हवी. हजार उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घराने, एकही घर न वगळता, दरमहा जवळपास हजार रुपयांची रोख खरेदी याच दुकानात केली, तर आपण शून्यावर येऊ. नफा त्यानंतर.

खेड्यातले घर अशी खरेदी करते का? गहू घरचा, डाळ पुष्कळदा घरची, रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत. उरते तेल, साखर, चहा, साबण, बिस्किटे. तीही गावच्या शेठजीकडून उधारीवर, आणि हिशेब होतो दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकल्यावर. कंपनीच्या बिलिंग मशीनला उधारी कळत नाही. मुलाने गावाच्या भिडेने उधार दिलीच, तर ती त्याच्या पदरची. कंपनीचे पैसे तर माल उतरण्याआधीच गेलेले असतात.

कर्जप्रकरणांबरोबर असे करार आमच्या टेबलावरून जातात. कोणाचेही नाव घेत नाही, पण कलमे एकसारखी असतात. माल फक्त कंपनीकडूनच घ्यायचा. भाव कंपनी ठरवणार. न खपलेला माल परत घेण्याची हमी नाही. अनामतीवर व्याज नाही. ग्राहकांची नावे, फोन नंबर, कोण काय विकत घेतो याची सर्व माहिती कंपनीच्या मालकीची. कराराची मुदत संपण्याआधी अमुक दिवसांची नोटीस देऊन कंपनी बाहेर पडू शकते. आपण बाहेर पडलो तर अनामतीतून कापणी. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. सगळा आधार १८७२ च्या करार कायद्याचा, म्हणजे ज्या कागदावर आपण सही केली त्याच कागदाचा. आणि तो कागद कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो.

साखळी एकाच दिशेची

आता शेतकऱ्याकडे वळू, कारण त्याच्याच नावाने हे सारे विकले जाते. माळव्याचे मुख्य पीक सोयाबीन. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्या इंदुरात खंडवा रस्त्यावर आहे, तेल गिरणीवाल्यांची संघटना 'सोपा'ही इंदुरातच. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या भागात भाव चार हजारांच्या आसपास आणि त्याखालीही गेले. शेतकरी सहा हजारांची मागणी करत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा कुठे हमीभावाने सरकारी खरेदीला मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला आणि या वेळी राज्याने 'भावांतर' योजना आणली.

एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते, बाकी बहुतेक पेंड. हे तेल गावात परत येते का? फ्रँचायझी दुकानाच्या फळीवर जी सोया तेलाची पिशवी असते, तिच्यातले तेल बहुधा अर्जेंटिना किंवा ब्राझीलमधून जहाजाने आलेले आणि बंदरावरच्या रिफायनरीत शुद्ध केलेले असते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. एका सहीने माळव्याच्या शेतकऱ्याचा भाव हलतो. त्याच्याच गावात, त्याच्याच मुलाच्या काउंटरवर तो परदेशी तेल विकत घेतो, आणि या व्यवहाराला 'कृषी मूल्यसाखळी' म्हणतात!

बटाट्याचेही तेच. इंदूर, महू, देपालपूरकडचा बटाटा चिप्ससाठी दूरवर जातो. पाच रुपयांच्या पुडीवर छापलेले वजन वाचा, किलोचा भाव काढा आणि तो शेतकऱ्याला मिळालेल्या भावाशेजारी लिहा. आम्ही इथे आकडा देत नाही. वाचकांनी तो स्वतः काढावा म्हणजे लक्षात राहील.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे पडतात. 'दलाल काढून टाकला की शेतकऱ्याला जास्त मिळेल' असे सांगतात. दलाल गेला आणि त्याच्या जागी त्याहून मोठा एकच खरेदीदार बसला, तर ते पैसे शेतकऱ्याकडेच येतील याची हमी कोण देणार?

पंचवीस वर्षांचा अनुभव

हे आम्ही अंदाजाने बोलत नाही. हा प्रयोग आपल्या अंगणात झालेला आहे. जून २००० मध्ये आयटीसी कंपनीची 'ई-चौपाल' मध्य प्रदेशातच सोयाबीनवर सुरू झाली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, सौर पट्टी, आदल्या दिवशी ठरलेला भाव, इलेक्ट्रॉनिक काटा आणि हातोहात पैसे. २००४ मध्ये सीहोरला पहिला 'चौपाल सागर' उघडला: शेतकरी धान्य विकणार आणि त्याच आवारातून घरचे सामान घेऊन जाणार. न्यायाने बोलायचे तर त्याचा फायदा झाला. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ई-चौपालमुळे आसपासच्या मंड्यांतही सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. मंडीतल्या व्यापाऱ्यांची मिलीभगत, तोलाईतली मापात-पाप आणि पैशांसाठी घालायला लागणारे हेलपाटे यांवर बाहेरून चाप बसला, तर तो चांगलाच.

पण भाव वाढला तो मंडी जिवंत होती म्हणून. दोन खरेदीदार असतील तरच शेतकरी ट्रॉली वळवू शकतो. आणि कंपनी शेवटी आपला हिशेब पाहून थांबते. एक लाख गावांचा संकल्प सोडला होता. जाळे पस्तीस-चाळीस हजार गावांवर अडले. यात आम्ही कंपनीला दोष देत नाही. नफ्यासाठी निघालेली संस्था नफा पाहील. दोष तिलाच गावाची पालनकर्ती समजणाऱ्यांचा.

बाकीच्यांचे पाहा. डीसीएम श्रीराम समूहाने २००२ मध्ये 'हरियाली किसान बाजार' काढला, शेकडो दुकाने उघडली आणि दहा-अकरा वर्षांत किरकोळ विक्रीतून अंग काढून घेतले. गोदरेजने २००३ मध्ये पुणे जिल्ह्यात मंचरला 'आधार' सुरू केले. २००८ मध्ये त्याची बहुतांश मालकी फ्यूचर समूहाकडे गेली आणि पुढे गावच्या दुकानदारालाच फ्रँचायझी देऊन माल पुरवण्याकडे त्याचा रोख वळला. त्या फ्यूचर समूहाचे काय झाले? २०२२ मध्ये बिग बझारची दुकाने हातची गेली आणि जुलै महिन्यात बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झाली. त्याआधी २००९ मध्ये 'सुभिक्षा'ची सोळाशेच्या घरातली दुकाने रोख संपल्याने बंद पडली होती. नोकरांचे पगार आणि पुरवठादारांची देणी राहिली ती राहिलीच. कंपनी बुडाली की तिच्यासाठी न्यायाधिकरण आहे, तारखा आहेत, थकीत कर्जाची तडजोड आहे. फ्रँचायझी घेणाऱ्याच्या घरावर मात्र बँकेची नोटीस चिकटते. ती आमच्याच खिडकीतून जाते, म्हणून सांगतो.

२००७ मध्ये रांचीत भाजीवाल्यांनी रिलायन्स फ्रेशच्या दुकानांवर दगडफेक केली, उत्तर प्रदेशात मायावती सरकारने ती दुकाने बंद करवली. त्या वेळी दुकान कंपनीचे होते आणि राग कंपनीवर निघाला. फ्रँचायझीने हा प्रश्न मोठ्या हुशारीने सोडवला आहे. आता दगड मारायचा तर तो आपल्याच भाच्याच्या काचेवर पडेल.

समोरचे म्हणणे

आपल्यातले काही जण म्हणतील, गावचा शेठजी तरी कुठे संत आहे? खरे आहे. उधारीच्या नावाखाली चढा भाव, जुनाट माल, बिलाचा पत्ता नाही. खेड्यातल्या काकूंनी उन्हात उभे राहून, समोरच्या डब्यात काय आहे हे न पाहता सामान का घ्यावे? स्वच्छ दुकान, छापील किंमत आणि पक्के बिल हा त्यांचाही हक्क आहे. मंडीचेही तसेच. रात्र-रात्र ट्रॉली उभी, हम्मालीची कापणी, लिलावात संगनमत. शिवाय समित्यांची मुदत संपली तरी निवडणुका लांबवून कारभार प्रशासकांच्या हाती ठेवला गेला, तेव्हा शेतकऱ्याचे ऐकणार कोण? २०२० चे शेतकी कायदे आले तेव्हा पॅन कार्ड एवढ्या भांडवलावर कोणालाही मंडीबाहेर खरेदी करता येणार होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. ज्यांनी ढोल वाजवले ते घरी गेले, आणि मंडी होती तिथेच राहिली.

आमचा विरोध वातानुकूलित दुकानाला नाही. फ्रँचायझी या पद्धतीलाही नाही. इंदूरच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर सांचीचे दुधाचे पार्लर आहे. तेही कमिशनवर चालते, पाटीही दुसऱ्याची असते. फरक एवढाच, की त्या पाटीमागे दूध घालणाऱ्यांच्या गावोगावच्या सोसायट्या आहेत. आणंदच्या १९४६ च्या लढ्यातून निघालेली अमूलही त्याच जातीची. ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैशांच्या आसपास दूध उत्पादकाला जातात असे ती सांगते. कांदा-टोमॅटोच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवा. दोन्हीकडे दुकान आहे, ट्रक आहे, शीतगृह आहे. नफ्याचा मालक तेवढा वेगळा आहे.

महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात वारणा बाजार उभा राहिला. सुपर मार्केट हा शब्द शहरातही नवा होता, तेव्हा ग्रामीण भागात सभासदांच्या मालकीचे मोठे दुकान चालले. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्या कंपनीतर्फे द्राक्षे परदेशी पाठवली आणि टोमॅटोवर प्रक्रिया केली. हे आपल्याच भाषेत, आपल्याच नात्यागोत्यात घडले आहे.

सहकार बुडतो हेही आम्हाला शिकवायला नको. ऑइलफेडसारखी सोयाबीन उत्पादकांची राज्य संस्था इथेच तोट्यात जाऊन मोडकळीस आली. सांचीच्या महासंघाची घडी बसवण्यासाठीही एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाशी करार करावा लागला. आपल्याच माणसांनी चालवलेल्या सहकारी बँकेत म्हातारपणाच्या ठेवी अडकल्याचे दुःख आपल्यातल्या पुष्कळ घरांनी भोगले आहे. नाव लिहायची गरज नाही. पण त्यातून शिकायचे काय? तिथे वार्षिक सभेला आपण गेलो नाही, ताळेबंद वाचला नाही, 'आपलाच माणूस आहे' म्हणून सही केली. सहकारी संस्थेत सभासदाला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो आणि आपण तो वापरला नाही. कंपनीच्या करारात तर तो हक्कच नाही. पहिल्यावरचा उपाय दुसरा कसा होईल?

मग करायचे काय?

पहिले, ज्यांच्या गावी जमीन किंवा जागा आहे त्यांनी ती लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीच्या घशात घालण्याआधी आजूबाजूला शेतकरी उत्पादक कंपनी आहे का, हे पाहावे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ही तरतूद आली. २०२० च्या केंद्रीय योजनेत अशा संस्थेला तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत आणि सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, भागभांडवलाला जोड देण्याची तरतूद झाली. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातले ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले होते. त्यांना एकेकट्याने गोदाम बांधता येत नाही. आपली पडीक जागा त्यांना रास्त भाड्याने मिळाली तर गोदाम, इलेक्ट्रॉनिक काटा, छोटी तेलघाणी आणि पुढे किराणा दुकान एकाच आवारात उभे राहू शकते. आपल्याला भाडे मिळेल, आणि सोयाबीन विकून परतणारी ट्रॉली त्याच गावात गाळलेले तेल घेऊन जाईल.

दुसरे, ज्याला दुकान काढायचेच आहे त्याने काढावे. व्यापार करणे हा गुन्हा नाही. नोकरी, वतन आणि पेन्शन यांच्या पलीकडे मराठी माणसाने पाहावे, असे आम्हीही म्हणतो. पण सही करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर मागा: न खपलेला माल परत घेण्याची अट, अनामत किती दिवसांत परत मिळेल त्याची तारीख, निदान तिसरा हिस्सा माल स्थानिक शेतकऱ्यांकडून घेण्याची मोकळीक, आणि दोन्ही बाजूंना सारखीच नोटीस. चारांपैकी तीनला नकार आला तर उठून या. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड दुसऱ्यांदा मिळत नाही.

तिसरे काम मताचे आहे. निवडणुकीत उमेदवार आपल्या सभागृहात येतात, अहिल्याबाईंच्या तसबिरीला हार घालतात, दोन वाक्ये मराठीत बोलतात आणि आपण टाळ्या वाजवतो. या वेळी त्यांना विचारू: मंडी समित्यांच्या निवडणुका कधी घेणार? हमीभावाखाली सोयाबीन विकले जाते तेव्हा तुम्ही कुठे असता? आयात शुल्क कमी झाले त्या दिवशी माळव्याचा खासदार काय बोलला? उत्तर नसेल तर टाळीही नाही.

आणि एक घरातली गोष्ट. गणेशोत्सवाच्या मांडवाला, स्मरणिकेला, अगदी या पत्रकालाही उद्या अशा कंपनीची जाहिरात येईल. पैसे कोणाला नको असतात? पण आपण छापलेल्या पानावर विश्वास ठेवून आपलाच एखादा निवृत्त सभासद पाच लाखांची अनामत भरेल. जाहिरात घ्यायची तर कराराचा नमुना आधी मागवावा आणि मंडळातल्या वकील व हिशेबनीस सभासदांनी तो वाचावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा, ही आमची कार्यकारिणीला विनंती. ठराव मांडायला कोणी पुढे आले नाही, तर आम्ही मांडू. अनुमोदन मात्र हवे.

– एक बँक कर्मचारी, इंदूर